सिगारच्या डब्यातला खुर्दा : प्रकल्प नोंदी

७ जानेवारी २०२४, लाइपझिग

खालच्या मजल्यावरच्या आजींनी काल सिगारचा एक लाकडी डबा माझ्या हातात ठेवला. त्यांच्या यजमानांनी जमवलेली नाणी. ते जाऊन सहा वर्षं झाली. ईस्टरला नातू येणार, त्याला डबा द्यायचा आहे, पण नुसता नको, आत काय आहे त्याची यादी हवी. मी धातूंच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मला नाण्यांतलंही कळत असणार हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. शिवराई आणि ढब्बू पैसा यांपलीकडे माझी मजल नाही, हे सांगायचा धीर झाला नाही.

जेवणानंतर टेबलावर जुना टॉवेल अंथरून मोजली. ८३. एकही मोठं नाणं नाही. सोन्याचं तर नाहीच, चांदीचा टालरही नाही. सगळी चिल्लर. सर्वांत लहान करंगळीच्या नखाएवढं, एकाच बाजूला छाप असलेलं. सर्वांत मोठं आपल्या जुन्या पन्नास पैशांएवढं. बरीचशी राखाडी, काही काळी ठिक्कर, अकरा तांबूस. चुंबकाला एकही चिकटलं नाही.

ठरवलं ते असं : प्रत्येकाला कागदी पाकीट, पाकिटावर क्रमांक, वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, आणि वाचता येईल तेवढा मजकूर. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. त्यातल्या काही प्लास्टिकमधून कालांतराने आम्ल सुटतं आणि नाणं हिरवं चिकट होतं. डब्यातली तीन तशी कळकली आहेतच.

१४ जानेवारी

चूक लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा होणार नाही.

क्रमांक १७ काळं होतं. अक्षरं दिसेनात म्हणून खायचा सोडा ओला करून बोटाने चोळला. मिनिटभरात काळं गेलं, त्याखालचं पांढरं दिसलं. मी खूश होऊन आणखी चोळलं, तर पांढरंही गेलं आणि आतून लाल वर आलं. कल्हई उडालेल्या पातेल्यासारखं. अक्षरं तेवढीच अस्पष्ट.

आधी वाटलं तांब्यावर चांदीचा मुलामा असेल, म्हणजे खोटं नाणं. पण कडेवरचा जुना ओरखडा भिंगाखाली पाहिला तर थरांमध्ये रेघ नाही. पांढरं हळूहळू लाल होत जातं. मुलामा असा नसतो.

आजींना जाऊन सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी टूथपेस्टने पाच घालवली होती. आता कशालाही हात लावायचा नाही. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, बस.

२१ जानेवारी

आठवडाभर रात्री फक्त हिशोबाची कोष्टकं डोक्यात बसवली. एका देशाचं चलन असा विचार आधी सोडावा लागतो. पवित्र रोमन साम्राज्यात नाणी पाडायचा हक्क शेकडो जणांकडे होता : राजे, ड्यूक, काउंट, बिशप, मठ, मुक्त शहरं. प्रत्येकाची टाकसाळ, नाण्यावर प्रत्येकाची ढाल, म्हणजे राजचिन्ह.

सॅक्सनी-ब्रांडेनबुर्गकडे १ टालर म्हणजे २४ ग्रोशन आणि १ ग्रोशन म्हणजे १२ फेनिग, म्हणजे टालरचे २८८ फेनिग. दक्षिणेत ग्रोशनऐवजी क्रॉयत्सर, ६० क्रॉयत्सरचा १ गुल्डन, ४ क्रॉयत्सरचा १ बात्सन. ब्राउनश्वाइग आणि गोस्लारकडे मारियनग्रोशन, त्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी, टालरला ३६. त्याचा अर्धा माटियर, म्हणजे ४ फेनिग. ब्रेमेन-ओल्डेनबुर्गकडे टालरला ७२ ग्रोट. फेनिगचा अर्धा हेलर. हे नाव श्वेबिश हाल या गावावरून आलं.

आण्या-पैच्या कोष्टकाला आपण उगाच नावं ठेवतो. इथे चार दिवस पायी चाललं की तीन वेळा पाढे बदलायचे.

या सगळ्या लहान नाण्यांचा धातू मात्र एकाच जातीचा : तांब्यात थोडी चांदी, निम्म्याहून कमी. इथे त्याला बिलोन म्हणतात. मराठीत नवा शब्द घडवायची गरज नाही, आपला ‘हिणकस’ आहेच. हीन कसाची चांदी. शब्दाचा मूळ अर्थ इतका नेमका असताना आपण तो फक्त माणसांच्या विनोदांना लावतो.

२८ जानेवारी

घनता मोजून कस काढायचा बेत होता. बेत फसला, पण का फसला ते मजेदार आहे.

तांब्याची घनता ८.९६, चांदीची १०.४९. पाव हिस्सा चांदी असलेल्या मिश्रणाची साधारण ९.३. आता १ ग्रॅमचं नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळवलं तर वजनात फरक पडतो तो ०.१०७ ग्रॅमचा. माझा घरचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. तेवढ्या चुकीत उत्तर शुद्ध तांब्यापासून निम्म्याहून जास्त चांदीपर्यंत कुठेही जाऊ शकतं. एकट्या फेनिगचा कस घरी निघणं नाही.

मग एकाच जातीची नऊ नाणी एकत्र घेतली, सॅक्सनीचे ग्रोशन. हवेत १७.३१ ग्रॅम, पाण्याने उचललेलं वजन १.८४. चांदी निघाली ३२-३३ टक्के. बुडबुडे चिकटले असतील म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून पुन्हा : १.८३. चांदी ३६ टक्के. एका थेंबाने साडेतीन टक्के चांदी वाढली! जुन्या काळी पारखी माणसाला पगार कशाचा मिळत होता ते कळलं.

४ फेब्रुवारी

त्या नऊ ग्रोशननीच आज उत्तर तपासून दिलं. १७६३ नंतरची नाणी आहेत ही. एका बाजूला ‘२४ म्हणजे एक टालर’ अशा अर्थाचा मजकूर, आणि सोबत रोमन आकड्यांत ३२० आणि ‘एक शुद्ध मार्क’. म्हणजे अशी ३२० नाणी मिळून एक मार्क शुद्ध चांदी. हा मार्क वजनाचा : कोलोन मार्क, २३३.८५६ ग्रॅम. भागाकार केला की प्रत्येक नाण्यात ०.७३ ग्रॅम चांदी. मूळ वजन २ ग्रॅमच्या जवळपास होतं, म्हणजे कस सुमारे ३७ टक्के. साबणाच्या थेंबासह मी ३६ वर होते. दिवस सार्थकी लागला.

मला आवडलं ते हे, की नाणं स्वतःच्या तोंडाने सांगतं माझ्यात किती आहे ते. पण हा सभ्यपणा नव्याने आलेला होता. त्याच्या आधीच्या सात वर्षांत काय झालं होतं ते पुढे लिहीन.

इथल्या सराफी भाषेत कस लोट आणि ग्रेनमध्ये मोजत. पूर्ण शुद्ध चांदी १६ लोट, १ लोट म्हणजे १८ ग्रेन. साम्राज्याच्या जुन्या टालरचा कस १४ लोट ४ ग्रेन, म्हणजे ८८.९ टक्के. तोळा-मासा-गुंजेवर वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही.

नऊ नाण्यांची वजनं एकेकटी घेतली तर १.७१ पासून २.०८ पर्यंत. सगळा फरक झिजेचा नाही. लहान नाणी टाकसाळीत एकेक तोलतच नसत. एका मार्काला ठरलेल्या संख्येत बसली की झालं. त्यात काही जड, काही हलकी. जड वेचून काढणारी माणसं मग आपोआप तयार होतात.

११ फेब्रुवारी

सांगलीला फोन. बाबांनी चाळीस वर्षं सराफी पेढीवर काम केलं. नाण्यांचे फोटो पाठवले होते.

“अगं, कस किती?”

“बाबा, एका नाण्याचा निघत नाही. पण २५ ते ३७ टक्के धरा.”

“मग बट्टा किती जायचा?”

हा प्रश्न मला महिनाभरात सुचला नव्हता. सगळी पुस्तकी माहिती वाचताना मी कस आणि वजनच बघत होते. बाजारात प्रश्न असतो बट्ट्याचा : हे नाणं दुसऱ्या नाण्यात बदलून घेताना माझं किती जाईल.

बाबांना १५५९ सालचा साम्राज्याचा नाणे-कायदा समजावला. आउग्सबुर्गला झाला तो. लहान नाण्यातही जवळपास त्याच्या दर्शनी किमतीइतकी चांदी असायला हवी, असा त्याचा आग्रह. ऐकायला न्याय्य. बाबांनी तिथेच अडवलं.

“मजुरी कोण देणार?”

बरोबर तेच. एक टालर पाडायला एक चकती कापायची, एकदा ठोकायची. तेवढ्याच चांदीचे फेनिग करायचे तर २८८ चकत्या, २८८ ठोके, वर तांबं आणि कोळसा. खर्च नाण्यात बसवायला जागा नाही. म्हणजे कायदा पाळला तर टाकसाळ प्रत्येक फेनिगमागे तोट्यात, आणि बाजाराला तर रोज लागतो तो फेनिगच. मग संस्थानिकांनी टाकसाळी ठेक्याने दिल्या. ठेकेदार ठरलेली रक्कम मालकाला मोजणार आणि ती कसातून वसूल करणार. आडरानातल्या असल्या टाकसाळींना इथे ‘कुंपणाआडच्या टाकसाळी’ असा शब्द होता. प्रांतमंडळांचे पारखी ठरावीक दिवशी जमून नाणी शिसं घालून, हाडांच्या राखेच्या मुशीत जाळून तपासत. पण तपासणीला नाणं आणायचं कोणी? ठेकेदारानेच.

बाबा म्हणाले, “म्हणजे चोरी कायद्यानेच शिकवली.” मी एवढं थेट म्हणणार नाही. पण खोडून काढता आलं नाही.

१८ फेब्रुवारी

आज सहा नाणी, सगळी १६२० ते १६२२ मधली. पातळ, वेडीवाकडी, छाप अर्धा चकतीबाहेर. हातात घेतल्यावर घाई जाणवते.

हा ‘किपर आणि विपर’ काळ, साधारण १६१९ ते १६२३. नावातली दोन्ही क्रियापदं तराजूची : एक कलंडण्याचं, दुसरं खालीवर झुलण्याचं. तागडी झुलवून जड नाणी वेचायची, ती वितळवायची, त्यात तांबं घालून दुप्पट-तिप्पट हलकी नाणी पाडायची आणि ती सीमेपलीकडच्या शेजारच्या राज्यात खपवायची. शेजारीही तेच करणार. तीस वर्षांचं युद्ध १६१८ ला पेटलेलं, प्रत्येकाला सैन्याला द्यायला पैसा हवा. ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या ड्यूकच्या मुलखात नव्या टाकसाळींचं पेवच फुटलं. त्यात आमेलुंग्सबोर्नचा मठसुद्धा होता.

आकडे पाहिले की डोळे फिरतात. १५६६ मध्ये एक टालर ६८ क्रॉयत्सरचा. १६२२ मध्ये ६०० च्या घरात. टालर तोच, त्यातली चांदी तीच. क्रॉयत्सरमधून चांदी निघून गेली. प्रागमध्ये जानेवारी १६२२ ला काही बड्या मंडळींनी एकत्र येऊन बोहेमिया, मोराविया आणि लोअर ऑस्ट्रियातली नाणी पाडायचा वर्षाचा ठेका ६० लाख गुल्डनला घेतला. त्यात सरदार लिश्टेनश्टाइन होता, सावकार हान्स द विट्टे होता, दुसरा सावकार याकोब बासेवी होता आणि पुढे सेनापती म्हणून गाजलेला वालेनश्टाइनही. पूर्वी एका मार्क चांदीतून जेमतेम विसेक गुल्डन निघत, त्यांनी ७९ काढले.

तांब्याची इतकी टंचाई झाली की लोकांच्या घरातल्या कढया-पातेली विकत घेऊन मुशीत गेली. सुरुवातीला सगळे खुशीत होते, कारण हातात नाणी खूप. मग शेतकऱ्याने धान्य द्यायचं थांबवलं. मेले ते ठरावीक पगारवाले : शाळामास्तर, पाद्री, नोकरमाणसं. त्यांना पगार याच खुर्द्यात. माग्देबुर्गमध्ये १६२२ च्या सुरुवातीला दंगल झाली, माणसं मेली. पुढच्या वर्षी संस्थानिक स्वतःच शुद्धीवर आले. कर म्हणून त्यांच्याकडे परत येऊ लागली ती त्यांनीच पाडलेली नाणी होती. टालर ९० क्रॉयत्सरवर बांधला गेला आणि किपर नाणी मुशीत परत गेली. डब्यातली सहा कुठल्यातरी फटीत राहिली असणार.

आजींच्या यजमानांनी सहांपैकी एकाच्या जुन्या पाकिटावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय : ‘कढई’. आधी मला कळला नव्हता.

२५ फेब्रुवारी

ताप. काही केलं नाही. एकच नोंद : क्रमांक ४१ वर गोलाकार राजचिन्हात २४ हा आकडा आणि दुसऱ्या बाजूला ढालीवर ३. हा टालरचा चोविसावा भाग. पोलंडच्या नाण्याच्या धर्तीवर बाल्टिक किनाऱ्याकडच्या जर्मन राज्यांनी पाडलेला. सालाचे दोनच आकडे, चिन्हाच्या दोन बाजूंना.

३ मार्च

प्रयोगशाळेत परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत तीन नाणी क्ष-किरण यंत्राखाली धरली. नऊ ग्रोशनपैकी एक : चांदी ६१ टक्के. नाणं स्वतः सांगतं ३७, पाणी सांगतं ३६, आणि लाखो रुपयांचं यंत्र म्हणतं ६१.

यंत्र खोटं बोलत नाही. ते फक्त वरची काही शतांश मिलिमीटरची साल बघतं, आणि सालीत चांदी खरोखरच जास्त आहे. म्हणजे १७ क्रमांकाच्या नाण्यावरून मी जी पांढरी साल चोळून काढली ती वरून चढवलेली नव्हती. ती आतूनच काढलेली होती.

टाकसाळीत याला पांढरं उकळणं म्हणत. चकत्या तापवल्या की पृष्ठभागावरचं तांबं हवेतल्या ऑक्सिजनने काळं पडतं. मग त्या वाइनच्या पिंपांत तळाला जमणारा खार आणि मीठ यांच्या पाण्यात उकळायच्या. काळं तांबं पाण्यात उतरतं, चांदी जागेवर राहते. पुन्हा तापवायच्या, पुन्हा उकळायच्या. शेवटी वर जवळपास निव्वळ चांदीची सच्छिद्र साल उरते, आणि छाप्याच्या ठोक्याने ती दाबून चकचकीत होते. नाणं बाजारात जाताना पांढरं शुभ्र.

पिंपातला तो खार म्हणजे टार्टारिक आम्लाचा खार. आणि टार्टारिक आम्ल सर्वांत जास्त कशात असतं, तर चिंचेत. आई दर शुक्रवारी देवाची तांब्याची भांडी चिंच-मिठाने घासायची. लाइपझिगच्या टाकसाळीतली कढई आणि आमचं न्हाणीघर यांच्यात रसायनाचा फरक फारसा नाही, हे मला या वयात कळलं.

९ मार्च

करून बघायचंच ठरवलं. माझी तुटकी ९२५ ची (साडेब्याण्णव टक्के चांदीची) साखळी ४ ग्रॅम, तांब्याची तार ११ ग्रॅम. कोपऱ्यावरच्या सोनारकाम करणाऱ्या बाईंनी मुशीत एकत्र वितळवून पत्रा लाटून दिला. चांदी जवळपास पाव हिस्सा. रंग गुलाबीसर, नव्या तांब्याच्या तांब्यासारखा. त्यातून १८ मिलिमीटरच्या आठ चकत्या निघाल्या, प्रत्येकी ०.९५ ग्रॅमच्या आसपास.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, “चांदीला रिठे गं. चिंच तांब्याला.” मी म्हटलं, “बाबा, ह्यात तांबंच जास्त आहे.” त्यावर ते गप्प झाले, म्हणजे पटलं.

बाल्कनीत कॅम्पिंगच्या शेगडीवर चकत्या लाल होईपर्यंत तापवल्या, काळ्या झाल्या. भारतीय दुकानातली चिंच, कोळ, दोन चमचे मीठ, उकळी. पहिल्यांदा बाहेर आल्या त्या फिक्या गुलाबी. दुसऱ्यांदा मातकट. तिसऱ्यांदा राखाडी. नवरा येऊन विचारून गेला की सार करते आहेस का.

१० मार्च

पाचव्या उकळीनंतर पांढऱ्या. खडूसारख्या, चमक नाही. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबून घासल्यावर लखलखायला लागल्या. वजन ०.९४; जे गेलं ते तांबं, कोळ निळसर-हिरवा झाला आहे. (ओतून देताना हातमोजे घालणे. भांडं पुन्हा स्वयंपाकाला नाही.)

चकती आणि ९२५ ची जुनी अंगठी शेजारी ठेवून फोटो पाठवला. चाळीस वर्षं पेढीवर बसलेल्या माणसाने उत्तर लिहिलं : “अंगठी कुठली, चकती कुठली?” अर्थात कसोटीवर घासली असती तर त्यांनी एका रेघेत ओळखली असती. भाजीवालीकडे कसोटी नसते.

एक चकती कोटाच्या खिशात टाकली, किल्ल्यांबरोबर. साल किती दिवस टिकते ते बघू.

१७ मार्च

१७ क्रमांकाचा उलगडा झाला. तिरप्या उजेडात अक्षरं वाचली : ई, पी, एच. एर्न्स्ट पेटर हेश्ट, लाइपझिगचा टाकसाळप्रमुख. सालाचे १७०२ मधले पहिले आणि शेवटचे आकडे दिसतात. ६ फेनिग.

याला लोकांनी ठेवलेलं नाव ‘लाल उसासा’.

सॅक्सनीचा इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रीडरिश आउगुस्ट, ज्याला बलाढ्य आउगुस्ट म्हणतात, १६९७ मध्ये पोलंडचा राजा झाला आणि १७०० मध्ये स्वीडनविरुद्धच्या मोठ्या युद्धात उतरला. पैसा हवा होता. १७०१ आणि १७०२ मध्ये इथे, या शहरात, ६ फेनिगची ढीगभर नाणी अगदी हलक्या कसाने पाडली गेली. बाहेर पडली तेव्हा पांढरी. थोड्याच दिवसांत हातांनी, गल्ल्यांनी, खिशांनी साल खाल्ली आणि आतलं तांबं दिसू लागलं. लोकांनी घेतली होती पूर्ण किमतीला. किंमत उतरवली तेव्हा उसासे टाकण्यापलीकडे काही हातात नव्हतं. राजाचा महामंत्री बाइशलिंगेन १७०३ मध्ये कैदेत गेला, आणि या नाण्यांचं खापरही त्याच्यावर फुटलं.

वर्षातून तीनदा जिथे युरोपभरचे व्यापारी जत्रेला येत, त्या गावात ही नाणी पडली हे मला विशेष वाटतं. मोठ्या व्यापाऱ्याचा हिशोब टालरमध्ये आणि हुंडीवर. त्याला या नाण्याचा चटका कमी. चटका पाव घेणारीला.

म्हणजे १४ जानेवारीला मी सोड्याने जे केलं, ते १७०२ मध्ये लोकांच्या बोटांनी केलं होतं. माझ्या चुकीचं हे समर्थन नाही. तीनशे वर्षं वाचलेली साल मी मिनिटात घालवली.

खिशातली चकती : आठवा दिवस, अजून पांढरी.

२४ मार्च

उरलेलं भराभर. ४ फेब्रुवारीला सात वर्षांबद्दल लिहायचं राहिलं होतं : १७५६ ला प्रशियाच्या फ्रीडरिशने सॅक्सनी व्यापली, लाइपझिगची टाकसाळ हातात घेतली आणि ती फाइटेल एफ्राइम आणि डानियल इत्सिग यांना ठेक्याने दिली. सॅक्सनीच्याच इलेक्टरची मुद्रा आणि १७५३ हे जुनं साल घालून हलकी नाणी निघाली. लोकांनी त्यांना एफ्राइमिटन म्हटलं आणि वरून फ्रीडरिश, आतून एफ्राइम असं यमक जुळवलं. नफ्याचा मोठा वाटा राजाच्या युद्धखजिन्यात गेला, शिव्या मात्र ज्यू ठेकेदाराच्या नावावर राहिल्या. ते यमक मी यादीत लिहिलेलं नाही. १७६३ ला युद्ध संपलं आणि माझे नऊ बोलके ग्रोशन आले.

सर्वांत जास्त नाणी, ३१, प्रशियाची १८२१ नंतरची : झिल्बरग्रोशन आणि त्यांचे अर्धे. काळाने जरा उशिराची, पण डब्यात आहेत. कस फक्त २२.२ टक्के, वजन २.१९ ग्रॅम. टालरला ३०. तीस नाण्यांत मिळून चांदी १४.६ ग्रॅम, आणि टालरमध्ये १६.७. म्हणजे राज्य उघडपणे आठवा हिस्सा कापून घेतंय. पण नाण्यावर ठळक लिहिलंय : ‘शाइडेम्युन्त्से’, म्हणजे देण्याघेण्याचा हिशोब मिटवायचं सुट्टं. माझ्या किमतीइतकी चांदी माझ्यात नाही, मी फक्त मोड आहे. १५५९ चा कायदा जे कबूल करायला तयार नव्हता ते अडीचशे वर्षांनी नाण्यावरच छापलं. मला ही कंटाळवाणी, झिजलेली ३१ नाणी आता सर्वांत आवडतात. फोटोला मात्र अजिबात चांगली येत नाहीत.

एकाच बाजूला छाप असलेले वाटीसारखे फेनिग : बारा. इतक्या पातळ चकतीवर दुसऱ्या बाजूने ठोकलं तर पहिला छाप पुसतो, म्हणून एकच बाजू. आठांच्या ढाली जुळल्या, चार राहिले.

३० मार्च

यादी दिली. ८३ पाकिटं, १४ पानं. ओळख न पटलेली चार, त्यांच्यापुढे नुसतं वजन आणि व्यास. १७ क्रमांकापुढे मी काय केलं तेही लिहिलं आहे.

नातू चौदा वर्षांचा. पहिला प्रश्न अपेक्षित होता : यातलं सगळ्यात महाग कुठलं? खरं सांगितलं, महाग एकही नाही. तो जरा हिरमुसला. मग १७ नंबरचं आणि खिशातली चकती त्याच्या तळहातावर ठेवली आणि दोन्हींची गोष्ट सांगितली. वीस दिवसांत चकतीची कड आणि चमच्याने कमी घासलेला एक कोपरा लालसर झाले आहेत. त्याने भिंग मागितलं आणि अर्धा तास दिलं नाही. चिंच म्हणजे काय, हे त्याला बाटलीतला कोळ चाटवून दाखवावं लागलं.

चकती मी परत घ्यायला हात पुढे केला तर आजी म्हणाल्या, राहू दे डब्यातच, पण यादीत लिहा. तिथेच टेबलावर पेनने लिहिलं :

८४. चकती, बिनछापाची. लाइपझिग, २०२४. ०.९४ ग्रॅम, १८ मिलिमीटर. चांदी चौथा हिस्सा. कड तांबूस.